टू बीएचकेला एक डक्टेबल एसी की खोलीगणिक स्प्लिट?

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात ७०० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके, हॉल पश्चिमेला, दोन बेडरूम साधारण १२० फुटांच्या. इंटिरियरचं काम सुरू आहे. डिझायनर म्हणतात, फॉल्स सीलिंगमध्ये एकच डक्टेबल मशिन (डक्टमधून, म्हणजे हवेच्या बोगद्यांमधून सगळ्या खोल्यांना गार हवा देणारं) टाका, भिंतीवर काही दिसायला नको. घरच्यांचं मत आहे की तीन खोल्यांना तीन स्प्लिट लावावेत. कोणाचं ऐकायचं?

घरच्यांचं. एवढ्या घरात सगळ्या खोल्या एकाच वेळी गार कराव्या लागतात असे तास फार थोडे असतात. संध्याकाळी हॉल, रात्री बेडरूम, पाहुणे आले तरच तिन्ही. डक्टेबलचा कॉम्प्रेसर मात्र पूर्ण घराच्या हिशोबाने निवडावा लागतो, म्हणजे चार ते साडेपाच टनांचा. रात्री एका बेडरूमसाठी तो चालवला, तर इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) असूनही तो जिथवर खाली उतरू शकतो त्याहून त्या खोलीची गरज कमी असते. मग तो सारखा चालू-बंद होतो, नाहीतर रिकाम्या खोल्या गार करत बसतो. एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट खोली गार झाल्यावर स्वतःच्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येऊन संथ चालत राहतो. दार नीट बंद, तापमान २६ आणि सोबत मंद पंखा, एवढ्यावर आठ तासांची रात्र साधारण ३ ते ५ युनिटांत निघते.

महावितरणच्या घरगुती बिलात दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटांपर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढे आणखी. फ्रिज, गिझर, दिवे आणि पंखे खालचे टप्पे आधीच भरून टाकतात, त्यामुळे एसीचं प्रत्येक युनिट वरच्या दराने पडतं. रिकामी खोली गार करण्यात गेलेलं युनिट म्हणजे बिलातलं सगळ्यात महाग युनिट.

डक्टेबलच्या बाकीच्या अडचणी आपल्याकडच्या फ्लॅटच्या बांधणीतून येतात. युनिट, डक्ट आणि इन्सुलेशन मिळून फॉल्स सीलिंगमध्ये जवळपास एक फूट जातो. साडेनऊ फुटांच्या हॉलमध्ये तो जाणवतो, आणि वाटेत बीम आला तर डक्ट आणखी खाली घ्यावा लागतो. रिटर्न एअर, म्हणजे मशिन परत ओढून घेतं ती हवा, बहुधा हॉल किंवा पॅसेजमधून घेतली जाते, त्यामुळे फोडणीचा वास बेडरूममध्ये फिरतो आणि एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत ऐकू येतं. इन्सुलेशनला कुठे फट राहिली की पावसाळ्यात डक्टला बाहेरून घाम सुटतो आणि पीओपीवर पिवळे डाग येतात. शिवाय मे महिन्यात पीसीबी (मशिनचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलं तर अख्खं घर बंद. तीन स्प्लिटमधला एक बिघडला, तर दुसऱ्या खोलीत गाद्या टाकून झोपता येतं.

एका आउटडोअरवर दोन-तीन इनडोअर चालवणारे मल्टिस्प्लिटही मिळतात. बाहेर एकाच मशिनपुरती जागा असेल तरच त्यांचा विचार करा. सुटे भाग महाग असतात, आणि एक आउटडोअर बंद पडलं की सगळं बंद पडण्याची अडचण तिथेही आहेच.

विंडो एसी स्वस्त पडतो, बसवायला सोपा असतो, त्यात कॉपरचे (तांब्याचे) पाइप जोडायचं काम नसतं. भाड्याच्या घरात तो अजूनही योग्य ठरतो. पण स्टारच्या स्टिकरवरून त्याची स्प्लिटशी तुलना करू नका. बीईईचे (स्टार ठरवणाऱ्या सरकारी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) दोन्हींसाठीचे तक्ते वेगळे आहेत. जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात विंडोला ३.५० आयएसईईआरला (कार्यक्षमतेचा आकडा, जितका जास्त तितकी वीज कमी) पाच स्टार मिळत होते, तर स्प्लिटला ३.८० ला तीन आणि ५.०० ला पाच. म्हणजे पाच स्टारचा विंडो तीन स्टारच्या स्प्लिटपेक्षाही जास्त वीज खाणारा असू शकत होता. तक्ते मधूनमधून कडक होतात, म्हणून दुकानात स्टार मोजण्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआरचा आकडा आणि लेबलचं वर्ष वाचा. विंडोचा कॉम्प्रेसर खोलीच्या खिडकीतच असतो, त्यामुळे झोपेच्या दृष्टीनेही स्प्लिटच बरा.

खोलीगणिक स्प्लिट घेण्याचा एक फायदा सहसा कोणी सांगत नाही: प्रत्येक खोलीला वेगळ्या दर्जाचं मशिन घेता येतं. लेबलवर वर्षाला १६०० तास धरून युनिट छापलेली असतात. २०२२ च्या तक्त्यात दीड टनाच्या पाच स्टारला ती साधारण ७५० च्या आसपास असायची, तीन स्टारला ९५० ते १०००. रोज वापरायच्या बेडरूमला पाच स्टारचे जास्तीचे पैसे काही वर्षांत वसूल होतात. पाहुण्यांच्या खोलीत वर्षाला २०० तासही एसी चालत नसेल, तर फरक तीसेक युनिटांचा, तेव्हा तिथे तीन स्टार घ्या. उरलेले पैसे चांगल्या कॉपरवर आणि बसवणाऱ्यावर खर्च करा.

टनेज. एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. १२० फुटांच्या बेडरूमला एक टन पुरतो. पश्चिमेच्या १८०-२०० फुटांच्या हॉलला दीड टन. हॉलला डायनिंग आणि पॅसेज उघडा जोडलेला असेल तर एकतर दोन टन घ्या किंवा मध्ये सरकतं दार, निदान जाड पडदा लावा. वर गच्ची असती तर प्रत्येक खोलीला अर्धा टन वाढवायला सांगितलं असतं. मात्र ‘मोठा घेतला तर लवकर गार होईल’ म्हणून १०० फुटांच्या खोलीत दीड टन लावू नका. ठाणे, मुंबई, कोकण, गोवा इथे त्रास उन्हाइतकाच दमटपणाचा असतो. मोठं मशिन काही मिनिटांत तापमान गाठतं आणि थांबतं किंवा मंदावतं, हवेतलं पाणी तसंच राहतं. खोली २४ वर असते तरी अंग चिकचिकतं, मग रिमोट २० वर जातो. जुलै-ऑगस्टमध्ये ड्राय मोड वापरून बघा, बऱ्याचदा तेवढा पुरतो.

विदर्भातल्या वाचकांसाठी: लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरला ४५-४६ अंशांत तेच मशिन कमी देतं आणि जास्त वीज घेतं. तिथे किती अंशांपर्यंत चालेल हे कॅटलॉगमध्ये पाहा, आणि टनेज अर्ध्या टनाने वर धरा. आणि एकाच खोलीत कूलर व एसी दोन्ही कधीच चालवू नका. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी बाहेर काढण्यात वीज घालवतो.

आता बसवण्याकडे. स्प्लिट कारखान्यातून अर्धाच तयार होऊन येतो, उरलेला अर्धा तुमच्या घरात बनतो. कंपनी कोणती यावर लोक आठवडाभर चर्चा करतात आणि बसवायला येईल त्या पोऱ्याच्या हातात सगळं सोपवतात. माझ्या मते महत्त्वाचा क्रम नेमका उलटा आहे.

आधी आउटडोअरची जागा. मागे निदान १५ सेंटीमीटर (३० मिळाले तर उत्तम) आणि पंख्यासमोर मीटरभर मोकळी जागा हवी. बऱ्याच सोसायट्या आउटडोअर इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे प्लंबिंगच्या शाफ्टमध्ये लावायला सांगतात. तिथे खालच्या मजल्यांवरच्या मशिनांची गरम हवा वर चढते आणि तुमचं मशिन तीच परत ओढतं. प्रेशर वाढतं, इन्व्हर्टरचं बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतं, आणि तक्रार येते की दुपारी कूलिंगच होत नाही. गॅस कितीही भरला तरी ही तक्रार जात नाही. ड्राय बाल्कनीत ठेवताना पंख्याचं तोंड ग्रिलबाहेर राहील असं बघा, समोर कपडे वाळत घालू नका. स्टँड जाड पत्र्याचा, पावडर कोटेड आणि चारही जागी फास्टनरने पकडलेला हवा. आउटडोअर २५ ते ३५ किलोंचा असतो. आणि उद्या सर्व्हिसवाला तिथवर सुरक्षित पोहोचेल का, याचाही विचार करा. सातव्या मजल्यावर छज्जा नसलेल्या भिंतीला लटकवलेलं मशिन हा त्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

भिंतीला सुमारे अडीच इंचांचं भोक लागतं, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. ते बीम किंवा कॉलममध्ये पाडू द्यायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. तुमची इमारत मायव्हान पद्धतीची असेल तर भिंतीही आरसीसीच्या असतात. तिथे बिल्डरने भिंतीत आधीच ठेवलेल्या स्लीव्हमधूनच (नळीतूनच) पाइप काढा. स्लीव्ह नसेल तर कोअर कटिंगआधी सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी घ्या.

कॉपर. एक टनाला बहुधा दोन सूत आणि तीन सूत, म्हणजे पाव इंच आणि तीन अष्टमांश इंच. दीड टनाला दोन सूत आणि चार सूत. नेमकं माप मॅन्युअलमध्ये असतं. पाइपची जाडी ०.८ मिलिमीटर मागा. आजच्या एसींतल्या आर-३२ गॅसचं प्रेशर जुन्या आर-२२ पेक्षा दीडपटीहून जास्त असतं, पातळ पाइप फ्लेअरच्या (नटात बसवण्यासाठी पसरवलेल्या तोंडाच्या) कडेला चिरतो. जुना आर-२२ चा एसी काढून त्याच पाइपवर नवा लावायचा मोह टाळा, त्यात जुनं ऑइल राहिलेलं असतं आणि ते नव्या ऑइलशी जुळत नाही. दोन्ही पाइपांना वेगवेगळं इन्सुलेशन हवं. ‘लहान पाइपला गरज नाही’ हा समज चुकीचा आहे: आजच्या बहुतेक स्प्लिटमध्ये प्रेशर उतरवणारा भाग आउटडोअरमध्येच असतो, त्यामुळे लहान पाइपही गारच असतो आणि त्यालाही घाम सुटतो.

किटमध्ये बहुधा तीन मीटर पाइप येतो. मशिनमधला गॅस साधारण पाच ते साडेसात मीटरपर्यंत पुरतो, त्यापुढे प्रत्येक मीटरला १५ ते २० ग्रॅम वाढवावा लागतो, तोही वजनकाट्यावर. अंतर कमी असेल तरी तीन मीटरपेक्षा आखूड पाइप करू नका, आवाज आणि कंप आत येतो.

तुमचं इंटिरियर सुरू आहे, म्हणजे पाइप भिंतीत किंवा सीलिंगमध्ये लपवला जाणार. मग दोन गोष्टी सक्तीच्या. झाकलेल्या भागात फ्लेअरचा जोड नको. अखंड पाइप घ्या. जोड टाळताच येत नसेल तर आतून नायट्रोजन सोडत ब्रेझिंग (तापवून धातूने सांधणं) करून घ्या, नाहीतर पाइपच्या आत काळी खपली धरते आणि पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे प्रेशर उतरवणाऱ्या त्या भागात, अडकते. आणि दोन्ही टोकं त्याच दिवशी बंद झाली पाहिजेत. महिनाभर उघड्या राहिलेल्या पाइपात पीओपीची धूळ, दमट हवा, क्वचित मुंग्यासुद्धा जातात. भिंत बुजवण्याआधी ४५० ते ५०० पीएसआय नायट्रोजन भरून रात्रभर गेज तसंच ठेवायला सांगा. सकाळी काटा तिथेच पाहिजे, गारव्यामुळे किंचित उतरला तर चालेल. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजनचा सिलिंडर कोणी आणला तर काम तिथेच थांबवा. ऑइलशी गाठ पडली की स्फोट होतो.

फ्लेअर करताना पाइप कटरने कापलेला हवा, हॅक्सॉने नाही. आतला बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) काढताना पाइपचं तोंड खाली धरायचं, कीस आत पडता कामा नये. नट दोन पान्यांनी आवळायचा. पाव इंचाला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन अष्टमांशला ३३ ते ४२, अर्ध्या इंचाला ५० ते ६२. टॉर्क पाना फार थोड्यांकडे असतो, पण ज्याच्याकडे असेल त्याला चार पैसे जास्त द्या. पहिल्या दोन वर्षांतली गळती बहुतेक वेळा याच जोडांत सापडते, आणि सैल नटाइतकाच जास्त आवळून चेपलेला फ्लेअरही गळतो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. आउटडोअरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडून गॅसच्या जोराने हवा बाहेर ढकलायची याला ‘पर्जिंग’ म्हणतात, आणि दहा मिनिटांत काम संपवायचं असेल तर हेच केलं जातं. यात थोडा गॅस जातो, तो ज्वलनशील आहे, आणि मुख्य म्हणजे पाइपातली ओल आतच राहते. ओल आणि ऑइल मिळून आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला खातं. मशिन वर्षभर छान चालतं, तिसऱ्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जातो आणि दोष व्होल्टेजवर ढकलला जातो. इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप निदान १५-२० मिनिटं चालला पाहिजे, मायक्रॉन गेज (व्हॅक्यूम मोजणारं) असेल तर काटा ५०० च्या खाली. नंतर पंप बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा परत चढला तर कुठेतरी गळती किंवा ओल आहे. बुकिंग करतानाच ‘व्हॅक्यूम पंप आणणार का?’ हे विचारा.

ड्रेन हे दिसायला किरकोळ काम, पण घरात पाणी टपकण्याच्या तक्रारी इथूनच येतात. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो. मीटरला निदान एक सेंटीमीटर उतार हवा, वाटेत कुठेही पाइप वर चढता कामा नये. लपवायचा असेल तर कडक पीव्हीसी वापरा, लवचिक नळी मध्येच झोळ खाते. सीलिंगमधून जाणाऱ्या ड्रेनलाही इन्सुलेशन. बाथरूमच्या ट्रॅपच्या खाली, थेट सांडपाण्याच्या पाइपात ड्रेन जोडला तर गटाराचा वास एसीतून खोलीत येतो.

विजेचं आटोपशीर सांगतो: प्रत्येक एसीला डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या बोर्डापासून) स्वतंत्र लाइन, दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची वायर, सी-कर्व्ह २० अँपिअर एमसीबी, पक्कं अर्थिंग. १६ अँपिअरचं सॉकेट चांगल्या प्रतीचं घ्या, सैल पिनमुळे वितळलेले प्लग काही कमी नाहीत. मशिनची व्होल्टेजची मर्यादा मॅन्युअलमध्ये पाहा. ठाणे शहरात बहुधा स्टॅबिलायझर लागत नाही. गावाकडे, शेतीपंप चालू असताना व्होल्टेज १५०-१६० ला येतं, तिथे घ्यावाच लागतो.

स्प्लिटची खरी उणीव एकच: तो बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच फिरवत राहतो. बंद बेडरूममध्ये चार माणसं झोपली तर सकाळी डोकं जड होतं. बाथरूमचं दार थोडं उघडं आणि तिथली खिडकी फटीएवढी, किंवा दाराखाली अर्धा इंच जागा. एवढ्याने काम भागतं, वीज किंचित वाढते.

चालू झाल्यावर: जानेवारी २०२० पासून एसी मुळात २४ अंशांवर सुरू होतात. बीईईच्या मते प्रत्येक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. जाळी दोन आठवड्यांनी नळाखाली धुवायची, उन्हाळ्याआधी एकदा वेट सर्व्हिस (पाण्याने धुऊन केलेली). दरवर्षी गॅस भरावा लागतो हे खोटं आहे. गॅस बंद नळीत फिरतो, तो संपत नाही, गळतो. ‘थोडा कमी होता, टॉपअप केला’ असं कोणी म्हणालं तर गळती कुठे होती हे दाखवायला सांगा. त्याआधी जाळी आणि आउटडोअरची कॉइल साफ आहे का बघा. फुल फॅनवर १५ मिनिटांनी आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर मशिन ठीक आहे. खोली गार होत नसेल तर कारण टनेज, दार किंवा ऊन यांत शोधा.

खाडी किंवा उघड्या नाल्याजवळ इमारत असेल तर आणखी एक काळजी. नाल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड इनडोअरच्या तांब्याच्या कॉइलला काळं पाडतो आणि तिला बारीक भोकं पडतात. अशा ठिकाणी कॉइलवर संरक्षक लेप असलेलं मॉडेल घ्या, आणि वॉरंटीत कॉइल धरली आहे का, ते लेखी बघा. आउटडोअरच्या पीसीबीवर पाल जाऊन शॉर्ट होणं हाही नेहमीचा प्रकार आहे. वायर आत जाणारी भोकं बसवतानाच बुजवून घ्या.

डक्टेबल वाईट नाही. बंगल्यातला ४००-५०० फुटांचा उंच हॉल, जिथे रोज माणसांचा राबता आहे, तिथे तो शोभतो आणि परवडतो. तुमच्या डिझायनरचा आग्रह फक्त दिसण्याचा असेल, तर इनडोअर दाराच्या वरच्या भिंतीवर घ्या. ती सहसा नजरेत येत नाही. तिथे वर १५ सेंटीमीटर मोकळे ठेवा, आणि समोर पट्ट्यांची जाळी लावून युनिट झाकू देऊ नका. गार हवा पट्ट्यांवर आपटून लगेच मागे ओढली जाते, सेन्सरला वाटतं खोली गार झाली.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी मशिनं ठरवा, कारण पाइपचं माप आणि भोकाची जागा मॉडेलवर ठरते. मग वायर, कॉपर आणि ड्रेन, मग नायट्रोजनची रात्र, मग प्रत्येक ड्रेनमध्ये वरून बादलीभर पाणी ओतून बाहेर किती वेळात येतं ते स्वतः बघा. पीओपीवाल्याला त्यानंतर बोलवा. पाइप कुठून गेले त्याचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भिंतीशेजारी टेप धरून. पुढे पडद्याच्या रॉडसाठी ड्रिल मारताना लागतील.